आवाज फाटतोय

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर इथला प्रत्येक जण बोलू शकतो आणि जेवणाच्या रांगेत बोलणारच आहे. मला या पेटीबद्दल बोलू द्या. सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं, जुना रेडिओ आणलायस का? रेडिओ नाही, पण तुम्ही फार चुकलाही नाहीत. हा गिटारचा ॲम्प्लिफायर आहे, व्हॉल्व्हवर चालणारा. १९५० च्या दशकातल्या एका अमेरिकन नमुन्यावरून मी तो घरी बनवला. चौदा महिने लागले. त्यातले शेवटचे तीन आठवडे कसे गेले आणि मला त्यातून कोणी सोडवलं, ते सांगायला खरं तर मी उभी आहे. पण तिथे पोचायला थोडं विज्ञान ऐकावं लागेल. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा चुकले तर उभी करतीलच.

आधी आपल्या शाळेचा ॲम्प्लिफायर आठवा. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला, राखाडी पत्र्याचा, वर जाळी असलेला. प्रार्थनेच्या पाच मिनिटं आधी शिपाईमामा तो चालू करून ठेवायचे. का, तर "तापला पाहिजे." जाळीतून आत बघितलं की नारिंगी निखारे दिसायचे आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. आपल्या वेळेपर्यंत गावात सगळीकडे ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले होते, पण शाळेनं जुना टाकला नव्हता. शाळा काहीच टाकत नाही, हे आज तळमजल्यावरची बाकं बघून पुन्हा पटलं.

दहावीच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आपल्यातल्या एकानं काकांच्या ऑर्केस्ट्रातली इलेक्ट्रिक गिटार एका दिवसासाठी मागून आणली होती. त्याचं नाव घ्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहेच. गिटारसाठी वेगळा ॲम्प्लिफायर असतो हे तेव्हा आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं? त्यानं वायर सरळ शाळेच्या ॲम्प्लिफायरला जोडली. भोंगे पटांगणात दोन्ही बाजूंना लावलेलेच होते. पहिल्याच सुराला असा काही आवाज निघाला की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. मी पडद्याआडून पुढे आले आणि माईकवर म्हटलं, "आवाज फाटतोय. आपण पुढचा कार्यक्रम घेऊया." सगळं पटांगण हसलं. त्याची धून अर्धी राहिली. प्रसंग आपण छान सावरला असं मला वाटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कौतुकही झालं.

हे मी पार विसरून गेले होते. ही पेटी बनवायला घेतली तेव्हाही आठवलं नव्हतं.

आता पेटीकडे येऊ. मूळ ॲम्प्लिफायर फेंडर कंपनीचा, नाव डिलक्स, आणि त्याच्या सर्किटचा क्रमांक ५ई३. १९५५ ते १९६० या काळात हे सर्किट निघालं. ताकद जेमतेम बारा वॉट. तुमच्या घरातल्या होम थिएटरच्या खोक्यावर याच्या कितीतरी पट आकडा छापलेला असतो, पण हा पूर्ण उघडला तर या सभागृहात मला माईकवर ओरडावं लागेल. पेटी पाइनच्या फळ्यांची, समोर एकच बारा इंची स्पीकर, वरच्या पट्टीवर तीन बटणं. मूळ पेटीवर पिवळसर रेघारेघांचं, ट्वीडसारखं दिसणारं कापड असायचं, म्हणून या सगळ्या जातीलाच तिकडे ट्वीड म्हणतात. माझ्या पेटीवर जाडी खादी आहे आणि पाइन पॅकिंगच्या खोक्यांचं आहे. सुतारांनी ते बघून "एवढी मेहनत आणि लाकूड हे?" असं विचारलं होतं. मूळ कंपनीनंही स्वस्त आणि हलकं म्हणूनच पाइन घेतलं असणार.

आपण व्हॉल्व्ह म्हणतो, अमेरिकन माणसं ट्यूब म्हणतात. मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि काम अगदी तेच. निर्वात काचेच्या नळीत एक तापलेला भाग असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धनभारित पट्टीकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंगनं एवढंच केलं होतं. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं त्या वाटेत तिसरी एक तार घातली, जिला आपण ग्रिड म्हणतो. ग्रिडवरचा विजेचा दाब किंचित बदलला की पलीकडचा प्रवाह खूप बदलतो. पाण्याच्या मोठ्या नळाची तोटी एका बोटानं फिरवावी तसं. गिटारच्या तारेखालच्या चुंबकात तयार होणारी वीज नगण्य असते, ती ग्रिडवर सोडायची आणि पलीकडे तिचीच मोठी प्रतिकृती घ्यायची. आजीच्या रेडिओत हेच चालायचं. बटण दाबल्यावर बातम्या लगेच न येता सावकाश का यायच्या, आणि तो हिरवा डोळा हळूहळू का उघडायचा, ते यावरून कळेल.

लिओ फेंडर हा माणूस मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. शिकला हिशेबनीसाचं काम, मंदीत नोकरी गेली, आणि १९३८ मध्ये त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात वादक त्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे, तिथून तो स्वतः बनवायला लागला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारींपैकी दोन त्याच्या कारखान्यातून निघाल्या आणि तो शेवटपर्यंत वादकांना विचारत राहिला की आता कसं वाटतंय. त्याची सर्किटं बघितली तर दुरुस्तीवाल्याचं डोकं दिसतं. सगळे सुटे भाग एका पुठ्ठ्यावर ओळीनं मांडलेले, म्हणजे बिघडलं तर पटकन सापडावं. सर्किटंही आभाळातून पडलेली नव्हती. आरसीएसारख्या कंपन्या व्हॉल्व्हच्या पुस्तिकांत जी नमुना सर्किटं छापायच्या, त्यांच्याच जवळपासची.

गंमत अशी की लिओला आवाज स्वच्छ हवा होता. पुढच्या प्रत्येक नमुन्यात त्यानं फाटणं कमी करण्याची धडपड केली. आणि वादकांनी काय केलं, तर बटण बारापर्यंत फिरवलं. हो, या पट्टीवर आकडे बारापर्यंत आहेत.

फाटक्या आवाजाचा इतिहास म्हणजे सगळी अपघातांची यादी. १९५१ साली 'रॉकेट ८८' नावाच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला आयक टर्नरचा वाद्यवृंद मेम्फिसला निघाला असता वाटेत ॲम्प्लिफायर पडला आणि स्पीकरचा कागद फाटला. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फटीत कागदाचे बोळे कोंबले आणि तसंच मुद्रण केलं. त्या गाण्याला पुष्कळ लोक पहिलं रॉक अँड रोल गाणं मानतात. १९५८ मध्ये लिंक रे नावाच्या वादकानं तसा आवाज मुद्दाम मिळावा म्हणून स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकर कापला. मग १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलबरोबरच्या ध्वनिमुद्रणात ॲम्प्लिफायर मंचावर ठेवतो तेवढ्याच आवाजात ठेवणार म्हणून अडून बसला. तो ॲम्प्लिफायर मार्शलचा होता, आणि मार्शलच्या लोकांनी लंडनमधल्या ढोल-ड्रम विकायच्या दुकानात बसून फेंडरच्याच बासमन ॲम्प्लिफायरवरून आपला पहिला नमुना उतरवला होता. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या बाईला हे वाचून फार दिलासा मिळाला. आम्ही दिवसभर तेच करतो.

पण फाटलेला आवाज कानाला गोड का लागावा? शाळेत भोंग्यावर तो नकोसा झाला आणि इथे हवासा, असं का?

याचं उत्तर मला आपल्या संगीताच्या बाईंच्या खोलीत सापडलं असतं, तिथे लक्ष दिलं असतं तर. बाई तानपुरा लावताना तारेखाली, घोडीवर, एक दोऱ्याचा तुकडा मागेपुढे सरकवायच्या. दोरा जागेवर बसला की एकदम झंकार उठायचा आणि एका तारेतून चार सूर ऐकू यायचे. ती जवारी. मिरजेचे कारागीर घोडीचा तो किंचित बाक घासून घासून काढतात, त्यात आयुष्य जातं. तार कंप पावताना त्या बाकाला हलकेच टेकत राहते, म्हणजे खरं तर तिच्या मोकळ्या हालचालीत अडथळा येतो. त्या अडथळ्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर जन्मतात. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी यावर निबंध लिहिला होता. व्हॉल्व्हही तेच करतो. त्याला झेपेल त्याहून मोठी लहर दिली की लहरीचा माथा दबतो, आणि दबलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले नवे स्वर मिसळलेले असतात. फरक दबण्याच्या रीतीत आहे. साधं ट्रान्झिस्टरचं सर्किट शेवटपर्यंत नीट चालतं आणि मग लहरीचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट करतं. त्या धारदार कडांतून फार वरचे, कर्कश स्वर निघतात. व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा थोडा नमायला लागतो, तळहातानं लाडू दाबावा तसा. हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोर लावला की खरखरीत, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या वादकाच्या बोटात.

इथे एक गैरसमज दूर करते. व्हॉल्व्हमधून फक्त सम पटीतले स्वर येतात, म्हणून तो मधुर, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या टप्प्यातला एकटा व्हॉल्व्ह दुप्पट कंपनांचा स्वर ठळक देतो, हे बरोबर. पण शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ जातीचे दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी काम करतात, आणि तिथे सम पटीतले स्वर बरेचसे एकमेकांना खोडून काढतात. उरतात विषम. दोन्हींची भेळ आहे ती.

दुसरी गोष्ट विजेची. गावाकडे शेजारच्या विहिरीवर मोटर सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंद व्हायचा आणि मग सावरायचा, आठवतं? या पेटीत तसंच होतं. एसीचं डीसी करायला इथे ५वाय३ नावाचा व्हॉल्व्हच बसवलेला आहे आणि तो काही दमदार गडी नाही. तार जोरात छेडली की आतला साडेतीनशेच्या आसपासचा व्होल्टेज खाली येतो. म्हणून सुराचा पहिला ठोका दबतो, आणि मग व्होल्टेज सावरतं तसा सूर फुलून वर येतो. वादकाला वाटतं, ॲम्प्लिफायर श्वास घेतोय. अभियांत्रिकीच्या परीक्षेत असा वीजपुरवठा काढला असता तर मार्क गेले असते.

आणि तिसरा स्पीकर. हा सगळ्यात दुर्लक्षित. बारा इंची कागदी कोन साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ गिळून टाकतो, त्यामुळे फाटण्यातला काचेसारखा टोचणारा भाग बाहेरच येत नाही. गाणी ऐकायच्या चांगल्या स्पीकरवर हाच ॲम्प्लिफायर लावला तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. मी लावून पाहिलंय. आता पटांगणातला भोंगा आठवा. भोंगा खर्ज सोडून देतो आणि माणसाला शब्द लांबून ऐकू यावेत म्हणून नेमका मधला-वरचा भाग पुढे ढकलतो. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो भोंग्यावर जो चिरत जातो, तो त्यामुळेच.

या पेटीची एक खोड सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे आवाजाची दोन बटणं आहेत, दोन वेगवेगळ्या जोडण्यांसाठी. पण वायरिंग असं आहे की ज्या जोडणीला काहीच लावलेलं नाही, तिचं बटण फिरवलं तरी दुसरीचा आवाज बदलतो. माझ्या टीममधल्या नव्या मुलानं असा कोड दिला असता तर मी परत पाठवला असता. इथे मात्र वादक त्या चुकीच्या बटणावरच आपला आवाज शोधतात. नील यंग यांच्या १९५९ च्या डिलक्सला तर एक यंत्र बसवलेलं आहे, पायानं कळ दाबली की ते खरीखुरी बटणं मोटरनं फिरवतं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं तेच करता आलं असतं. त्यांना बटणच फिरायला हवं होतं.

मी आधी अर्थातच सॉफ्टवेअर लिहून बघितलं. लेकीनं गिटारचा क्लास लावला होता, ॲम्प्लिफायरच्या किमती बघून मी म्हटलं, यात काय, इंग्रजी एस अक्षरासारखा एक वक्र, लहर त्यातून सोडायची, संपलं. दोन शनिवार-रविवारचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वरच्या सुरांबरोबर भलतेच बेसूर स्वर खाली घसरत होते. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसा प्रकार. संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतो, त्याच्या निम्म्याहून वरचे स्वर तयार झाले की ते परत फिरून खाली येतात. मग आठपट वेगानं मोजणी करून ते सावरलं. मग जाणवलं की सूर फुलत नाही, म्हणून वीज खाली जाण्याचं गणित घातलं. मग ते स्पीकरचं. सहा महिन्यांनी बरं वाजायला लागलं. खरं सांगते, आजच्या चांगल्या संगणकीय ॲम्प्लिफायरांचा आवाज डोळे मिटून ऐकला तर मला दर वेळी फरक ओळखता येत नाही. व्हॉल्व्हमध्ये आत्मा असतो वगैरे बोलणाऱ्यांतली मी नाही.

तरी पेटी का बनवली, तर मी ज्याची नक्कल करत होते ती वस्तू मी कधी उघडून बघितलीच नव्हती, म्हणून. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फेऱ्या झाल्या. व्हॉल्व्ह मागवावे लागले. ते आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. एके काळी बंगळुरूला आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनायचे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी गुंडाळून घेतला. गुंडाळणाऱ्या काकांनी आकडे बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे नक्की कुणाला हवंय?"

पेटी जोडून झाली, बटण दाबलं, नारिंगी निखारे पेटले आणि स्पीकरमधून हम सुरू झाला. गिटार नाही, नुसता हम. ऊंऽऽ. तीन आठवडे तो गेला नाही. मी पुस्तकी माणूस. विजेतली लहर नीट गाळली जात नाही असं ठरवून मोठे कपॅसिटर घातले. फरक नाही. आणखी मोठे घातले. फरक नाही. रात्री अकराला लेक येऊन सांगायची, आई, शेजारचे विचारतायत घरी पीठगिरणी टाकली का.

तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला. तासाभरात फोन आला. पंचवीसहून अधिक वर्षांनी तो आवाज ऐकला आणि क्षणभर कळलंच नाही कोण ते. गावातच त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, इन्व्हर्टर, मिक्सर, टीव्ही, आणि गणपतीत दहा दिवस बेंजो पार्ट्यांचे ॲम्प्लिफायर तोच सांभाळतो.

"हम पन्नासचा आहे का शंभरचा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "ऑसिलोस्कोप नाहीये माझ्याकडे."

"स्कोप कशाला? गिटार आहे ना? जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेव आणि वाजव. तो सूर अठ्ठ्याण्णवला बोलतो. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला, सेकंदाला दोन हेलकावे आले, तर शंभरचा. त्याच्या खालच्या सप्तकात लागला तर पन्नासचा."

मी वाजवलं. खालच्या सप्तकात होता.

"मग कपॅसिटर कशाला बदलत बसलीस? एसीची डीसी केली की लहर शंभरची होते. पन्नास म्हणजे एसी सरळ कुठून तरी आत येतेय. हीटरच्या वायरींना पीळ दिलास का?"

दिला होता, पण आळशी. आणि त्या वायरी पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडजवळून नेल्या होत्या. "हीटरच्या वाइंडिंगला मधली टॅप आहे का?" नव्हती. काकांनी गुंडाळली नव्हती, मी सांगितली नव्हती. "मग दोन बाजूंना शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर लाव, दोघांचं दुसरं टोक अर्थला. दहा रुपयांचंसुद्धा काम नाही." वायरी नव्यानं घट्ट पिळल्या, चासीच्या कोपऱ्यातून नेल्या, रेझिस्टर लावले. हम उरला तो इतका की कान स्पीकरला टेकवल्यावर ऐकू यावा. पहाटेचे दोन वाजले होते. मी लेकीला उठवून ऐकवलं. तिला ऐकू न येणाऱ्या गोष्टीचं कौतुक करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला फोन केला, तेव्हा बोलता बोलता मी विचारलं, तुला गिटारच्या तिसऱ्या पडद्याची कंपनं तोंडपाठ कशी? तो म्हणाला, "शाळेच्या गॅदरिंगनंतर मी शोधत होतो ना, नक्की काय फाटलं ते." आणि मग मला ते पटांगण आठवलं. माझा ड्रेस आठवला. माईक आठवला.

मी म्हटलं, अरे, तो आवाज बरोबर होता रे. त्याच आवाजासाठी मी चौदा महिने घातले. तो हसला. म्हणाला, "नाही गं. भोंग्यावर गिटार लावली की कान फुटणारच. तू बंद केलंस ते ठीक केलंस. माईकवर बोलायला नको होतंस."

हे वाक्य मी गेले चार महिने घेऊन फिरतेय. तो रागानं बोलला नव्हता. मिक्सरमध्ये काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं. मी वीस वर्षं लोकांच्या कामाची तपासणी करते आणि चुका सगळ्यांसमोर दाखवते. ती माझी नोकरीच आहे. त्या दिवशी मात्र वायर काढायला मागून जाता आलं असतं. दोन पावलांवर होती.

शाळेत त्यानं परत गिटार आणली नाही, हे तुमच्याही लक्षात असेल. मी त्याला विचारलं की आज मी हे सांगितलं तर चालेल का. तो म्हणाला, नाव घेऊ नकोस आणि लांबवू नकोस. नाव घेतलेलं नाही. लांबलंय थोडं.

तर, माईकवर बोलले होते, म्हणून माईकवरच सांगते. ते माझं चुकलं.

पेटी चहाच्या सुट्टीत चालू करणार आहोत. भोंगा लावलेला नाही, काळजी नसावी. गिटारही आणली आहे, लेकीची. वाजवायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी कुणाला बोलावणार नाही. मुलाबाळांना घेऊन आलेल्यांना एकच विनंती: पेटीची मागची बाजू उघडी असते, जुन्या पद्धतीनं. आत साडेतीनशे व्होल्ट आहेत, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ उरतात. काच हाताला भाजते. पुढून बघा, वरून बघा, मागे हात घालू नका.